छोटी शीडबोट: चालवणं आणि सांभाळणं

छोटी क्रूझिंग शीडबोट म्हणजे साधारण २० ते ३५ फुटांची, मुख्यतः शिडावर चालणारी, आत दोन-चार जणांना झोपता येईल एवढी केबिन, एक छोटा स्टोव्ह आणि बंदरात आतबाहेर करायला एक छोटं डिझेल इंजिन असलेली बोट. शर्यतीची बोट वेगळी, तासाभरासाठी नेतात ती छोटी उघडी बोट, म्हणजे डिंगी, तीही वेगळी. हिच्यावर दोन-तीन दिवस राहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येतं.

पुण्यात समुद्र नाही, पण शिडाशी संबंध आहे आणि तो बऱ्यापैकी जुना आहे. खडकवासल्याला एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कॅडेट पीकॉक बे मध्ये सेलिंग शिकतात, आणि दापोडीचं सीएमई हे लष्करी इंजिनिअरिंग कॉलेज लष्कराच्या ज्या कोर ऑफ इंजिनिअर्सचं आहे त्याच कोरच्या लोकांनी १९८५ ते ८७ मध्ये 'तृष्णा' नावाच्या ३७ फुटी बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने प्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे (२००९-१०) आणि न थांबता करणारे अभिलाष टॉमी (२०१२-१३) हे दोघं नेव्हीचे, त्यांची 'म्हादेई' ५६ फुटी होती, म्हणजे इथल्या अर्थाने छोटी नाहीच.

धरणावर वारा शिकता येतो, समुद्र नाही शिकता येत. खडकवासला, पवना, मुळशी सगळीकडे आजूबाजूला डोंगर, त्यामुळे वारा झटक्याझटक्याने आणि दिशा बदलत येतो, एका अर्थाने हे चांगलंच कारण शीड सारखं ॲडजस्ट करायची सवय लागते. पण भरती-ओहोटी नाही, लाट नाही, मीठ नाही. आणि खडकवासल्याचं पाणी शहराला प्यायला जातं, त्यामुळे परवानगीशिवाय कुठेही बोट टाकायची नसते, हे वेगळं सांगायला नको पण सांगावं लागतं.

चालवण्याचं मूळ गणित सोपं आहे. वारा जिथून येतो त्या दिशेला साधारण ४५ अंशांच्या आत अशी शीडबोट जाऊ शकत नाही, मग नागमोडी जायचं, म्हणजे टॅक करायचं, एकदा उजवीकडून वारा घ्यायचा एकदा डावीकडून. वारा मागून असताना बाजू बदलणं म्हणजे जाइब, आणि नवशिक्याची डोकी फुटतात ती इथेच, कारण शिडाखालचा आडवा बूम एका क्षणात या बाजूचा त्या बाजूला येतो. म्हणून आधी मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, ओढून बूम मध्यावर आणायचा, मोठ्याने ओरडून सांगायचं, मगच सुकाणू फिरवायचं. दोन शीडबोटी समोरासमोर आल्या तर डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यायची, दोघींना एकाच बाजूने असेल तर वाऱ्याकडच्या बोटीने.

बोट खूप कलली की वेग वाढला असं वाटतं, तसं नसतं. १५-२० अंशांच्या पुढे ती वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते, सुकाणू जड होतं, आणि ते ओढून धरलं की उलट ब्रेक लागतो. शीड कमी करायचं, म्हणजे रीफ घालायचं, तो विचार डोक्यात आला की लगेच, नंतर नाही. तसंही पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल तर अशी बोट साधारण साडेसहा-पावणेसात नॉट्सच्या वर फारशी जातच नाही, ताशी १२ किलोमीटर, मग घाई कसली.

नांगराचं मात्र धरणावर कोणी शिकवत नाही. मुंबई-अलिबागच्या पाण्यात उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. ओहोटीला तीन मीटर पाणी बघून तुम्ही साखळी सोडली, भरतीला सात मीटर होतं, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर धरा, झाले आठ. पाचपट म्हटलं तरी ४० मीटर साखळी हवी, आणि साखळीऐवजी दोर जास्त असेल तर सातपट. नुसतं ओहोटीचं पाणी बघून १५ मीटर सोडणारे पहाटे भलतीकडेच जागे होतात. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी तो वायव्येकडून समुद्रावरून येतो, म्हणजे रात्री शांत वाटलेली जागा दुपारी उघडी पडते, हेही नांगर टाकतानाच बघायचं.

आता सांभाळणं, पुणेकर मालकाचा खरा वेळ यातच जातो. बोट आठवडाभर मांडव्याच्या बाजूला नाहीतर मुंबईत एकटी, मालक कोथरूडला. उन्हाने शिडाचं कापड कुजतं, त्यामुळे कव्हर न घालता निघायचं नाही. गोड्या पाण्याने सगळं धुवायचं, विंच, पुल्या, दोर सुद्धा. पाण्याखाली शंख-शिंपले चिकटतात, अँटीफाउलिंग रंग लागतो, आणि शाफ्टवरचा जस्ताचा तुकडा अर्धा झाला की बदलायचा, तो स्वतः झिजतो म्हणून प्रॉपेलर वाचतो. डोलकाठी धरणाऱ्या स्टीलच्या तारा बाहेरून चकचकीत दिसतात पण जोडाच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथे गंजतात, तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी ती तार गेली समजा. पुण्यात बोहरी आळीत नट-बोल्ट घ्यायला गेलात तर ३१६ ग्रेड मागा, दुकानदार स्टेनलेस म्हणून ३०४ हातात ठेवेल आणि स्वयंपाकघरात ते चालतं सुद्धा, समुद्रावर थोड्याच दिवसांत तांबूस डाग पडायला लागतात.

हलच्या, म्हणजे बोटीच्या सांगाड्याच्या, भोकांना लावलेले व्हॉल्व्ह अधूनमधून उघडझाप करायचे नाहीतर जाम होतात, आणि प्रत्येकाशेजारी, व्हॉल्व्ह तुटला तर भोक बुजवायला, लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवायची. इंजिनात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात त्रास देणारा पार्ट म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, जास्तीचा एक कायम बोटीवर पाहिजे. डिझेलची टाकी अर्धी ठेवून महिनाभर गेलात की आत हवेतला ओलावा पाणी होऊन बसतो आणि त्यात शेवाळासारखी घाण वाढून फिल्टर चोंदतो, म्हणून टाकी भरूनच ठेवतात. मे संपता संपता बोट पाण्याबाहेर काढतात, गाद्या आणि शिडं घरी आणतात, आणि पुण्याच्या फ्लॅटमधली एक खोली पाऊस ओसरेपर्यंत त्यांनीच भरलेली असते.