फोर्क आधी, फ्रेम नंतर: स्टीलची रोड सायकल बनवून घेणाऱ्यांसाठी

मापाची सायकल बनवून घ्यायची म्हणून जे आमच्याकडे येतात, ते बहुतेक आधी रंगाबद्दल बोलतात आणि मग नळ्यांबद्दल. रेनॉल्ड्स की कोलंबस (नळ्या बनवणाऱ्या कंपन्या), 725 की 853 (रेनॉल्ड्सच्या नळ्यांचे प्रकार), लगचे (नळ्यांची टोकं बसवायच्या धातूच्या खोबण्यांचे) जोड की टिग वेल्डिंग. फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाचा, विषय शेवटी निघतो, तोही "कार्बनचा एखादा चांगला टाकू" एवढ्यावर मिटतो. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. फोर्क ठरल्याशिवाय फ्रेमचं ड्रॉइंग करायला घेऊ नये, आणि फोर्कची चौकशी न करता जो बिल्डर ड्रॉइंग पाठवतो त्याला आगाऊ रक्कम देऊ नये. असं का, ते नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

फोर्कचे तीन आकडे

जुने मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तोच फोर्क. पुढचं चाक, पुढचा ब्रेक आणि हँडल या तिघांचा भार त्याच्यावर असतो. फ्रेमचे कोन त्याच्या तीन मापांवर उभे राहतात.

पहिलं माप उंचीचं: हेडसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) खालची रेस जिथे बसते तिथपासून चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत. रिम ब्रेकच्या रोड फोर्कमध्ये ही उंची साधारण 370 मिमी असते. डिस्क ब्रेकचे आणि रुंद टायरचे फोर्क त्याहून उंच, काही 395 च्याही पुढे जातात. उंची 10 मिमीने वाढली की सायकलचं तोंड वर उचललं जातं आणि हेड ट्यूबचा (फोर्क ज्यातून जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन सुमारे अर्ध्या अंशाने कलतो. कागदावर अर्धा अंश दिसतही नाही, हँडलवर हात ठेवला की कळतो.

दुसरं माप रेकचं. हेड ट्यूबच्या मध्यरेषेपासून अ‍ॅक्सल किती पुढे आहे, ते. रोडच्या कार्बन फोर्कमध्ये 43, 45, 50 मिमी असे ठरावीक रेक मिळतात. रेक आणि हेड ट्यूबचा कोन मिळून ट्रेल ठरतो. हेड ट्यूबमधून एक काठी सरळ जमिनीपर्यंत नेली आहे अशी कल्पना करा. काठी जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त असेल तर वेगात सायकल सरळ रेषेत राहते, पण चढावर हळू चालवताना पुढचं चाक डावी-उजवीकडे कलंडू पाहतं. कमी असेल तर हँडल हलकं लागतं.

28 मिमीचा टायर आणि 73 अंशांची हेड ट्यूब धरून हिशोब केला, तर 45 रेकला ट्रेल सुमारे 57 मिमी येतो आणि 50 रेकला सुमारे 51. रोड सायकलला आम्ही साधारण 55 ते 60 च्या आत राहायला सांगतो. हेड ट्यूब 71.5 अंशांवर आणली आणि रेक 45 च ठेवला, तर ट्रेल 66 वर जातो. म्हणजे कोन बदलला की रेकही बदलायला हवा. दोन्ही आकडे एकाच बैठकीत ठरतात.

तिसरं माप स्टिअरर ट्यूबच्या, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणाऱ्या फोर्कच्या नळीच्या, जाडीचं. जुना 1 इंच, नंतरचा सव्वा इंचाला थोडा कमी म्हणजे 28.6 मिमी, आणि आता सर्रास मिळणारा टेपर्ड, वर 28.6 आणि खाली दीड इंच. लगची सडपातळ, जुन्या इटालियन वळणाची फ्रेम मनात असेल तर टेपर्ड फोर्क तिच्यात बसत नाही. 1 इंची स्टिअररचे चांगले कार्बन फोर्क आता फार थोडे उरलेत. 44 मिमीच्या हेड ट्यूबमध्ये सरळ आणि टेपर्ड दोन्ही बसतात, पण ती दिसायला जाड असते. काय चालेल ते तुम्ही ठरवा, फक्त ड्रॉइंगच्या आधी ठरवा.

एका फ्रेमची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ दुसरीकडे बनवून घेतलेली फ्रेम घेऊन आले. वेल्डिंग सुरेख, एकेक पदर नाण्यांच्या चळतीसारखा. तक्रार अशी की बापदेव घाट चढताना सायकल रेषेत राहत नाही. त्यांना वाटत होतं पायात ताकद नाही. आम्ही फोर्क उतरवून टेबलावर ठेवला, रेसच्या बैठकीपासून अ‍ॅक्सलपर्यंत पट्टी लावली. 397. ड्रॉइंगवर 383 लिहिलेलं. फ्रेम तयार झाल्यावर रुंद टायर बसावेत म्हणून उंच फोर्क घेतला होता आणि बिल्डरला ते कोणी कळवलंच नव्हतं. 14 मिमीच्या फरकाने 72.5 ची हेड ट्यूब 71.7 वर आली होती, ट्रेल 60 वरून 66 वर. बॉटम ब्रॅकेटही (क्रँक जिथे फिरते ती जागा) पाचेक मिमी वर उचललं गेलं होतं. योग्य उंचीचा फोर्क बसवला आणि तक्रार संपली. माणसाचे पाय मजबूतच होते. एवढ्या मेहनतीच्या फ्रेमवर एका न विचारलेल्या आकड्यामुळे दोष यावा, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

उंची कमी असणाऱ्यांनी हे जरूर वाचावं

पाच फूट, पाच फूट दोन इंच उंचीच्या ग्राहकांना, विशेषतः महिलांना, तयार सायकलीत हमखास एक त्रास होतो. हळू वेगात वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. मडगार्ड लावलं की आणखीच. सिग्नलला यू-टर्न घेताना पडायला एवढं पुरतं.

म्हणून आम्ही ग्राहकाला त्यांचेच बूट घालून जिगवर (माप घ्यायच्या सांगाड्यावर) बसवतो, पेडल पुढे आडवं ठेवतो आणि बुटाच्या टोकापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करतो. 165 मिमीची क्रँक, पेडलच्या अ‍ॅक्सलपुढे आलेला बूट 100 मिमी, आणि वळलेल्या चाकाची मागची कड. बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत 590 ते 600 मिमी लागतात. छोट्या मापाच्या तयार फ्रेममध्ये बऱ्याचदा 570 ते 580 च असतात.

यावर उपाय आहे, आणि तो फोर्कपासूनच सुरू होतो. हेड ट्यूब 71 ते 71.5 अंशांवर कलवायची आणि रेक 50 किंवा 55 घ्यायचा. चाक पुढे सरकतं, ट्रेलही आटोक्यात राहतो. तरी कमी पडलं तर 650बी, म्हणजे थोडी लहान चाकं. फक्त हेड ट्यूब कलवून रेक तोच ठेवणारा बिल्डर पायाचा प्रश्न सोडवतो आणि हँडलचा नवा निर्माण करतो.

कार्बन की स्टील

वजनाचं सांगायचं तर कार्बनचा रोड फोर्क साधारण 400 ग्रॅम, स्टीलचा त्याच्या दुप्पट, डिस्कचा स्टील फोर्क किलोच्या आसपास किंवा वर. कार्बन धक्के शोषतो असं सगळे म्हणतात. आमचा अनुभव असा की टायर 28 वरून 32 केला आणि हवा थोडी कमी ठेवली, की फोर्क कुठलाही असो, त्याहून मोठा फरक पडतो.

स्टीलच्या फोर्कचं खरं बळ वेगळं आहे. रेक हवा तेवढा मिळतो. ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. हँडलवर पुढे मोठी बॅग बांधून 600 किमी चालवायचं असेल, तर कमी ट्रेलची सायकल रात्री थकलेल्या हातांना सोपी जाते. फ्रान्समधल्या जुन्या रँदोनर सायकलींमध्ये रेक 60-70 मिमी आणि ट्रेल 30-40 च्या घरात असायचा, तो याचसाठी. असा रेक कार्बनच्या तयार फोर्कमध्ये मिळत नाही. शिवाय मडगार्डचे डोळे (बोल्टची भोकं), कॅरियरचे बोल्ट, डायनॅमोची वायर आत नेण्याची वाट, सगळं हवं तिथे बसवता येतं.

पण डिस्क ब्रेक आला की गणित बदलतं. ब्रेकचा सगळा जोर फोर्कच्या डाव्या पायावर खालच्या टोकाला येतो, म्हणून डिस्कच्या स्टील फोर्कचे पाय जाड करावे लागतात. बारीक, वळणदार पायांची जी लवचीक चाल लोकांना आठवते, ती रिम ब्रेकच्या फोर्कची. तेव्हा आमचा सल्ला असा: रिम ब्रेक आणि लांबचा प्रवास असेल तर वळणदार स्टील. डिस्क असेल आणि पुढे फारसं सामान नसेल, तर मडगार्डचे डोळे असलेला कार्बन फोर्क, 12 मिमीच्या, आरपार जाणाऱ्या थ्रू अ‍ॅक्सलसह.

कार्बन घेणाऱ्यांना एक विनंती. स्टिअररमध्ये स्टार नट (आत ठोकून बसवायचा दातेरी नट) ठोकू देऊ नका, प्रसरण पावणारा प्लगच वापरा. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, बहुतेक ठिकाणी 5 न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा स्टेमवर आणि फोर्कच्या पुस्तिकेत छापलेला असतो. जोरदार पडलात तर फोर्क वरून धड दिसला तरी उतरवून दाखवा. फ्रेमची मागची नळी तडकली तर सायकल वाकडी चालते, थांबायला वेळ मिळतो. फोर्क तुटला तर मिळत नाही.

नळ्यांबद्दल थोडंच

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची 531 नळी 1935 मध्ये आली, 853 आली 1995 मध्ये. मिलानची कोलंबस 1919 पासून आहे. नावं मोठी आहेत आणि मालही चांगला आहे. पण महागडी नळी जास्त ताठ असते हा समज सोडा. सायकलीच्या सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच. महाग पोलाद जास्त मजबूत असतं, त्यामुळे नळीची भिंत पातळ करता येते आणि वजन घटतं. सायकल ताठ वाटते की लवचीक, हे नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी ठरवते. तुमचं वजन 90 किलो असेल तर सगळ्यात हलका सेट मागू नका.

बिल्डर कसा ओळखावा

तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो ते पाहा. वजन, सामान, टायर, मडगार्ड, आत्ताची सायकल, तिच्यावर दुखतं कुठे, रस्ते कसले. नुसती उंची आणि पायाची लांबी विचारून जो फ्रेम ठरवतो तो मापाची सायकल करत नाही, छापाची करतो.

ड्रॉइंग लेखी मागा. त्यावर फोर्कची उंची, रेक, ट्रेल, कोणता टायर धरला, बॉटम ब्रॅकेट किती खाली, पायाला किती मोकळीक, हे आकडे असलेच पाहिजेत. ते तपासून सही करा, मगच नळी कापू द्या. जोड पितळी ब्रेझिंगचा असो, लगचा चांदीचा असो की टिगचा, तिन्ही पद्धती चांगल्या आहेत. बिल्डरचा हात ज्यात बसलाय तीच घ्या. रंगाआधी जोडांचे फोटो मागा. चांगला कारागीर ते आनंदाने पाठवतो. फोर्कही तोच बनवणार असेल, तर त्या रचनेचा फोर्क आयएसओ 4210 या सायकलच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे तपासला गेलाय का, हे विचारायला संकोच करू नका. त्या मानकाचा सहावा भाग फ्रेम आणि फोर्कच्या चाचण्यांचाच आहे. बॉटम ब्रॅकेट आटे असलेलं, 68 मिमीचं बीएसए नावाच्या मापाचं घ्या, त्याचे सुटे भाग सहज मिळतात.

बिल्डर लांबचा, परदेशातला असला तरी हरकत नाही. मात्र दुरुस्ती कोण करणार हे आधीच ठरवा. अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीची नळी ग्रिल-दरवाजे करणाऱ्या वेल्डरकडे कधीही नेऊ नका.

गंज

मुंबई-कोकणातल्या ग्राहकांची पहिली शंका हीच असते. स्टील बहुतेक आतून गंजतं, बाहेरून कमी. रंग झाल्यावर, जोडणीआधी आम्ही नळ्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारतो आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून एक रात्र ठेवतो. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निघायला भोक असावं, ते ड्रॉइंगमध्येच लिहून घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर सीटपोस्ट काढून ग्रीस लावा. घामाचे थेंब टॉप ट्यूबवर सुकू देऊ नका, केबलच्या स्टॉपखालचा रंग तिथूनच सुटतो.

मापाला येताना तुमचे नेहमीचे बूट, पेडल, सॅडल आणि शक्य असेल तर सध्याची सायकल आणा. पुढे बॅग बांधत असाल तर ती नेहमीइतकी भरून आणा. दीड-दोन तास हाताशी ठेवून या. फोर्क मनात ठरला असेल तर तो अजून विकत घेऊ नका, त्याचे तीन आकडे फक्त कागदावर लिहून आणा.