मुंबईच्या खडकांत पोहण्याचे कुंड का होत नाही

वांद्र्याच्या बँडस्टँडवर ओहोटीच्या वेळी गेले, की कठड्यापलीकडे काळ्या बसाल्ट खडकाचा रुंद पट्टा उघडा पडलेला दिसतो आणि त्यातल्या खळग्यांमध्ये समुद्राचे पाणी साचून राहिलेले असते. मराठीत यांना डबकी म्हणण्यावाचून पर्याय नाही, पण महानगरपालिकेच्या डेंग्यूविषयक सूचनांनी हा शब्द इतका बदनाम केला आहे की तो इथे वापरताना संकोच वाटतो. काही वर्षे सिडनीत राहून आलेला माझा भाचा मागच्या हिवाळ्यात अशाच एका मोठ्या, कमरेइतक्या खोल खळग्याशी उभा राहून म्हणाला, "मामा, तिकडे असल्या जागी आम्ही रोज पोहायचो. इथे भिंत घातली की झाले." त्याचे म्हणणे वरवर चुकीचे नव्हते, पण त्याला उत्तर देताना मुंबईच्या समुद्राचे बरेच गणित मांडावे लागले.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात किनाऱ्यावरच्या खडकात कोरलेली किंवा बांध घालून अडवलेली अशी अनेक सार्वजनिक कुंडे आहेत. त्यांपैकी न्यूकॅसल येथील 'बोगी होल' हे १८१९ च्या सुमारास कैद्यांकडून खडक फोडून तयार करून घेण्यात आले. तेव्हा ते तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या खासगी स्नानासाठी होते, लोकांसाठी ते पुढे १८६३ साली खुले झाले. अशा कुंडाची रचना साधी असते. बांधाची उंची अशी ठेवतात की भरतीच्या वेळी लाटा त्यावरून आत याव्यात आणि जुने पाणी बाहेर पडावे, म्हणजे शिवाजी पार्कच्या तलावात जे काम क्लोरीन करते, ते इथे समुद्र दिवसातून दोनदा करतो. तरीही शेवाळ धरतेच, म्हणून सिडनीतल्या बाँडाय येथील प्रसिद्ध कुंड दर गुरुवारी रिकामे करून घासले जाते.

ही रचना सिडनीत जमते, कारण तिथे सर्वांत मोठी भरती आणि सर्वांत खालची ओहोटी यांच्या पातळ्यांत २ मीटरच्या आसपासच फरक असतो. मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद पसरलेला आहे. खोल समुद्रातून येणारी भरतीची लाट या उथळ भागात शिरली की ती उंचावत जाते, आणि पुढे खंभातच्या निमुळत्या आखातात तर भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक १० मीटरवर पोहोचतो. मुंबईत उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारासच्या, भरतीचे पाणी नौकानयन नकाशातील आधारपातळीपासून (जिथून पाण्याची उंची मोजतात) सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला ०.८ मीटरपर्यंत उतरते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, तेच पाणी ३.३ आणि १.९ मीटर यांच्यामध्येच हेलकावते.

आता भाच्याने सुचवलेली भिंत बांधून पाहू. तिचा माथा याच आधारपातळीपासून ३ मीटरवर ठेवला, तर पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला तिच्यावर जवळजवळ दीड मीटर पाणी असेल. पोहणाऱ्याला भिंत दिसणार नाही आणि लाट त्याला थेट खडकांवर नेईल. माथा ४ मीटरवर नेला, तर भांगाच्या दिवसांत भरतीचे पाणी त्याच्या ७० सेंटीमीटर खालीच थांबेल, आणि शांत हवेत लाटाही आत पोहोचणार नाहीत. मग तीन-चार दिवस तेच पाणी उन्हात तापत, आटत आणि अधिक खारट होत पडून राहील. मधला सोयीचा आकडा शोधायला गेले, तर दोन्ही दोष थोडेथोडे पदरात पडतात. पंप बसवून हे सोडवता येईल, हे खरे; पण मग ते खडकातले कुंड न राहता समुद्राकाठचा तलाव होतो.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार पोहण्यायोग्य समुद्राच्या १०० मिलिलीटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० च्या आत असावी लागते. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी या कसोटीला सहसा उतरत नाही, कारण नाले थेट समुद्रास मिळतात, आणि वरळी व वांद्रे येथून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या बोगद्यांतून आत सोडले जाणारे सांडपाणी वर्षानुवर्षे केवळ प्राथमिक गाळणीनंतरच सोडले गेले आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण असे जिवाणू मारतात. परंतु भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांनी गाळ सतत ढवळला जात असल्याने आपले पाणी गढूळ असते, आणि त्या गढूळपणाच्या आडोशाला जिवाणू अधिक काळ तग धरतात. भरती कुंडातले पाणी बदलेल, पण बदलून आणणार तेच पाणी. सिडनीसारख्या ठिकाणीही मोठ्या पावसानंतर किमान एक दिवस समुद्रात पोहू नये, असा सरकारी सल्ला असतो. त्या हिशेबाने आपला सगळा पावसाळाच बाद होतो.

पोहणे बाजूला ठेवले, की हेच खळगे वेगळ्या कारणाने मौल्यवान ठरतात. त्या दिवशी आम्ही उकिडवे बसून तळहाताएवढ्या एका खळग्याकडे पाहत राहिलो. प्रथम काहीच दिसले नाही. मग एक छोटा शंख सरळ रेषेत चालू लागला, आणि त्याखालून शंखवासी खेकड्याचे तांबूस पाय दिसले. माझी सावली पाण्यावर पडताच तो आत ओढला गेला आणि डाव्या-उजव्या नांग्यांपैकी मोठीने त्याने दार बंद केले. कडेला हिरवट झोअँथिडची सतरंजी पसरली होती. हे प्रवाळांचे नातेवाईक असून त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते, म्हणून त्यांना बोट लावू नये. मुंबईच्या याच खडकांत खरी प्रवाळेही वाढतात, हे पुष्कळांना पटत नाही. किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अली येथील १८ प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या.

अशा खळग्यातल्या जिवाचा दिवस सोपा नसतो. दुपारी पाणी तापते आणि क्षार वाढतात. शैवालामुळे दिवसा प्राणवायू भरपूर असतो, पण रात्री शैवालही श्वसनच करीत असल्याने तो झपाट्याने घटतो. आणि पावसाची एक जोरदार सर त्या खाऱ्या पाण्याला तासाभरात जवळजवळ गोडे करून टाकते.

पाहायला जायचे तर कोणत्या वेळी, याचे उत्तर कोकणकिनाऱ्यावर फार जुने आहे. कोणत्याही पक्षातील तिथीला पाऊणने गुणले, की मुंबईतील भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, यावरच हा हिशेब बसवलेला आहे. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चालावे आणि निघण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहावे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे आणि सूर्यास्ताच्या आसपास येते, म्हणजे मुंबईकराला कामाच्या वेळा सांभाळून जाता येते. पायांत पकड असलेले बूट हवेत, कारण शेवाळावरून घसरलेला हात नेमका कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पडतो.

परतीची वेळ मात्र पोटातल्या भुकेवर सोडू नये. पाणी सहा तासांत समान वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत प्रत्येकी तिप्पट. उधाणाच्या दिवशी याचा अर्थ ओहोटीनंतर दोन तासांनी पाणी तासाला सुमारे ९० सेंटीमीटर वेगाने चढू लागते, आणि आपण ज्या खडकावर उभे आहोत त्याच्या मागचा सखल भाग आधी भरतो. आम्ही निघालो तेव्हा भाच्याच्या त्या कमरेइतक्या खोल खळग्यात पाण्याची पहिली जीभ शिरली होती. तिच्यासोबत आत आलेली प्लास्टिकची पिशवी त्याने काठीने बाहेर काढली आणि भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही.