बढती हवी तर वर्ग सोडा: माध्यमिक शिक्षकाच्या नोकरीची पार्श्वभूमी

माध्यमिक शाळेत रुजू झालेला शिक्षक पहिल्या वर्षी जे काम करतो, तेच बहुधा निवृत्तीच्या वर्षीही करत असतो. पगार वाढतो, मान वाढतो, काम तेच राहतं. वर चढायचंच असेल तर पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक अशा पायऱ्या आहेत, पण प्रत्येक पायरीला तास कमी आणि कागद जास्त. निष्णात सर्जनकडे अवघड शस्त्रक्रिया येतात. निष्णात शिक्षकाकडे वेळापत्रक लावण्याचं काम येतं. ही रचना कुणी ठरवून आखलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी जमत गेली.

अठराव्या शतकात युरोपात माध्यमिक शिक्षक हा धड स्वतंत्र पेशाच नव्हता. जर्मन प्रदेशांतल्या लॅटिन शाळांत शिकवणारे बरेचसे तरुण धर्मशास्त्र शिकलेले असत आणि पाद्र्याची जागा मिळेपर्यंत शाळेत दिवस काढत. 1787 मध्ये फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फने हाले विद्यापीठात ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासासाठी सेमिनार (नियमित अभ्यासवर्ग) सुरू केलं, ते धर्मशास्त्राशी फारकत घेतलेले शिक्षक घडवावेत म्हणूनच. पुढे विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या शिक्षणसुधारकाच्या काळात, 1810 मध्ये, प्रशिया या जर्मन राज्याने जिम्नॅशियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या माध्यमिक शाळांत, शिकवू पाहणाऱ्यांसाठी सरकारी परीक्षा आणली. 1826 मध्ये त्या परीक्षेनंतर वर्षभराची उमेदवारी आली. पदवी, पात्रता परीक्षा, मग परिविक्षा हा आज जगभर दिसणारा क्रम तिथे असा आकाराला आला. दारावरचा पहारा कडक झाला खरा, पण दाराच्या आत जिने बांधायचं कुणाच्या मनात आलं नाही.

फ्रान्सने तर सगळा जिना दारातच संपवला. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंची हकालपट्टी झाल्यावर त्यांच्या शाळांना शिक्षक हवे होते, म्हणून 1766 मध्ये आग्रेगास्याँ ही स्पर्धा परीक्षा सुरू झाली. 1950 मध्ये तिच्या जोडीला कापेस ही दुसरी परीक्षा आली. त्याच वर्षीच्या नियमांनी पहिली परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आठवड्याला 15 तास, दुसरीवाल्यांना 18 तास ठरवून दिले. एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांत शिकवणाऱ्या दोघांचे तास वेगळे आणि पगारही वेगळा. कारण ऐन तरुणपणी दिलेली एक परीक्षा.

अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. तिथे प्राथमिक शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी विद्यालयं, निघाली, पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल 1839 मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला. हायस्कूलचे शिक्षक मात्र बहुधा कॉलेजातून येत, त्यांना पगार जास्त असे, आणि त्यांतही पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त. स्त्रियांच्या वाट्याला आणखी एक अट होती: लग्न झालं की राजीनामा. इंग्लंडमध्ये ही अट 1944 च्या शिक्षण कायद्याने गेली आणि समान वेतन टप्प्याटप्प्याने 1961 मध्ये पूर्ण झालं. निम्मं मनुष्यबळ लग्नाबरोबर निघून जाणार असं गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेने लांब पल्ल्याच्या बढत्यांचा विचार कशाला करावा?

1921 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर आणि डी मॉइन या शहरांनी एकच वेतनश्रेणी स्वीकारली. प्राथमिक असो वा माध्यमिक, स्त्री असो वा पुरुष, सेवेची वर्षं आणि पदवी सारखी तर पगार सारखा. शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक शाळांनी हीच पद्धत घेतली. तिला आज जे सरसकट नावं ठेवतात, ते तिने काय मोडून काढलं ते विसरतात: लिंगभेद, आणि वरिष्ठांच्या मर्जीवर ठरणारे पगार. पण किंमतही मोजावी लागली. वर्षं मोजता येतात, पदव्याही मोजता येतात. नववीच्या वर्गात बीजगणित कसं शिकवलं जातं ते या श्रेणीत कुठेच बसेना. 1975 मध्ये समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी नेमकं दाखवलं की या पेशाची कमाई सुरुवातीलाच चांगली वाटते, पुढची चढण मात्र अगदी सपाट असते.

मग जिने बांधायचे प्रयत्न सुरू झाले. टेनेसी राज्याने 1984 मध्ये गव्हर्नर लमार अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने श्रेणीबद्ध बढत्यांची योजना आणली. शिक्षक संघटनेचा विरोध होता, कारण कुणाला वरची श्रेणी द्यायची हे ठरवणार कोण आणि कशावरून, हाच वादाचा मुद्दा. 1997 मध्ये योजना नव्या शिक्षकांसाठी बंद झाली. इंग्लंडने 1998 मध्ये कुशल शिक्षकांसाठी खास पद निर्माण केलं: चार दिवस स्वतःचे वर्ग, एक दिवस इतर शिक्षकांना मदत. कागदावर तरी ही मला सगळ्यांत शहाणी योजना वाटते. 2013 मध्ये तीही गुंडाळली गेली.

चीनने 2015 मध्ये शालेय शिक्षकांना देशभर प्राध्यापकांच्या तोडीच्या श्रेणीपर्यंत वाट मोकळी केली. सिंगापूरने त्याआधीच, 2001 मध्ये, तीन स्वतंत्र वाटा आखल्या: अध्यापन, प्रशासन आणि विषयतज्ज्ञ. अध्यापनाच्या वाटेने मास्टर टीचरपर्यंत पोहोचता येतं, मुख्याध्यापक न होता. मात्र तिथले मास्टर टीचर एका शाळेचे राहत नाहीत. त्यांची नेमणूक शिक्षकांच्या अकादमीत असते आणि त्यांचा मुख्य वर्ग इतर शिक्षकांचा असतो.