‘एकतर्फी झालं’ म्हणजे काय झालं? आदेश की हुकूमनामा?

“माझ्याविरुद्ध एकतर्फी झालंय, आता काय करू?” असं कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला: काय एकतर्फी झालं? आदेश की हुकूमनामा? बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. पण सल्ला देणारेही “रद्द करून घ्यायचा अर्ज टाका” म्हणून मोकळे होतात, तेव्हा डोकं उठतं. कशासाठी, कुठल्या नियमाखाली, आणि मुळात अर्ज लागतो तरी का, हे विचारायचंच नाही का?

हुकूमनामा सगळ्यांना ठाऊक असतो. दाव्याचा निकाल लागला, वादीला काय मिळालं ते कागदावर उतरलं, आता तो दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावू शकतो. प्रतिवादी गैरहजर असताना असा निकाल लागला की तो एकतर्फी हुकूमनामा. रद्द होत नाही तोवर तो इतर कोणत्याही हुकूमनाम्याइतकाच पक्का.

एकतर्फी आदेश हा निकालच नव्हे. समन्स रीतसर बजावलं, तरी प्रतिवादी तारखेला आला नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ६ खाली न्यायालय त्याच्यावाचून दावा पुढे चालवायचं ठरवतं. निशाणी १, म्हणजे दाव्याच्या अर्जाखाली, दोन ओळी पडतात: ‘समन्स बजावले. पुकारा करूनही प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी चालवावा.’ एवढ्याने वादीच्या पदरात काहीही पडत नाही. त्याला सरतपासणीचं (स्वतःच्या साक्षीचं) प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, दस्तऐवज शाबीत करावे लागतात. दावा मुळात कच्चा असेल तर समोर कोणी नसतानाही तो फेटाळला जातो. ‘एकतर्फी म्हणजे वादी जिंकलाच’ असं समजणारे वादी कागद न आणता उभे राहतात आणि मग न्यायाधीशांवर चिडतात.

खरी गोची पुढे आहे. एकतर्फी आदेश झाला म्हणजे आता कोर्टात पाऊल ठेवायची सोय नाही, आधी तो रद्द व्हायला हवा, असं पक्षकार धरून चालतात. हे साफ चूक आहे, आणि आजची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच संग्राम सिंग विरुद्ध इलेक्शन ट्रायब्युनल, कोटा या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की प्रतिवादी पुढच्या तारखेला आला, तर त्या टप्प्यापासून कामकाजात भाग घेण्याचा त्याला हक्क आहे. समजा, वादीचा पहिला साक्षीदार होऊन गेला आणि दुसऱ्याची आज तारीख आहे. प्रतिवादी आज उभा राहिला, तर दुसऱ्याची उलटतपासणी घेईल, शेवटी युक्तिवादही करेल. आदेश तसाच राहू दे, त्याचं काही अडत नाही.

मग आदेश रद्द कशाला करून घ्यायचा? जे हातचं गेलं ते परत मिळवायला. न दिलेली कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची आहे, पहिल्या साक्षीदाराला परत पिंजऱ्यात बोलवायचं आहे, तर त्याच ऑर्डर ९ च्या रूल ७ खाली अर्ज हवा आणि मागच्या गैरहजेरीचं सबळ कारण हवं. न्यायालय खर्च बसवू शकतं, तो निमूट भरावा. पण ‘अर्जावर निर्णय होऊ दे, मग येतो’ म्हणत मधल्या तारखा सोडणं हा शुद्ध आत्मघात. तेवढ्यात आणखी दोन साक्षीदार निघून जातात.

रूल ७ लाही शेवट आहे. सुनावणी संपली, दावा निकालासाठी ठेवला, की तो अर्ज चालत नाही. १९६४ च्या अर्जुन सिंग विरुद्ध मोहिंद्र कुमार या निवाड्यापासून हे ठरलेलं आहे. तेव्हा हुकूमनाम्याची वाट पाहायची आणि तो रद्द करून घ्यायला ऑर्डर ९ च्याच रूल १३ कडे वळायचं.

रूल १३ मध्ये कारणं दोनच: समन्स रीतसर बजावलं नव्हतं, किंवा सुनावणीला येण्यात सबळ अडचण होती. बजावणीत बारीकसारीक खोट निघाली तरी प्रतिवादीला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता, असं दिसलं तर ती खोट कामाला येत नाही. मुदत ३० दिवस, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ प्रमाणे. इथे जो तो ‘मला कळल्यापासून ३० दिवस’ म्हणतो. ती सवलत समन्स रीतसर न बजावलेल्यांची. सही करून समन्स घेतलं आणि कपाटात टाकलं, तर दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच मोजायचे. त्यानंतर आलात तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, त्याची वेगळी कारणं.

हुकूमनाम्यावर कलम ९६ खाली अपीलही करता येतं. पण अपील मागे न घेता ते निकाली निघालं, तर रूल १३ चा रस्ता बंद. तुमची तक्रार ‘मला ऐकलंच नाही’ अशी असेल तर माझ्या मते आधी रूल १३; वादीच्या पुराव्यावर हुकूमनामा टिकतच नसेल तर अपील. रूल १३ चा अर्ज फेटाळला तर त्यावर ऑर्डर ४३ खाली अपील आहे. रूल ७ चा फेटाळला तर तसं स्वतंत्र अपील नाही.

एकतर्फी मनाई हुकूम यात कोंबू नका. तो ऑर्डर ३९ चा विषय. तिथे समोरच्याला नोटीस देईपर्यंत उशीर झाला तर हेतूच फसेल, म्हणून त्याला न ऐकता हुकूम दिलेला असतो. तो गैरहजर राहिला म्हणून नव्हे.

‘नो डब्ल्यूएस’चा (नो रिटन स्टेटमेंट, म्हणजे कैफियत नाही) आदेशही निराळा. तिथे प्रतिवादी हजर असतो, वकीलपत्रही असतं, फक्त मुदतीत कैफियत दिलेली नसते. त्यावर रूल ७ चा अर्ज टाकणारे वकील अजूनही भेटतात. ज्याची गैरहजेरीच नाही, तो गैरहजेरीचं कारण काय देणार? तिथे मागायची ती उशिरा कैफियत दाखल करायची परवानगी, ऑर्डर ८ खाली.