छोटं विमान झुकलं की अंगाला कळतं? नाही कळत!

बरेच जण अजूनही म्हणतात की छोटं विमान उडवायला ट्रेनिंग कशाला, हात बसला की झालं, झुकलं तर अंगाला कळतंच. नाही कळत हो! ढगात किंवा अंधारात क्षितिज दिसेनासं झालं की आतल्या कानाला हळू वळण जाणवतच नाही, विमान गिरकी घेत खाली चाललंय आणि पायलटला वाटतं आपण सरळ आहोत, मग उंची कमी होतेय म्हणून तो विमानाचं नाक वर करायला स्टिक ओढतो आणि गिरकी अजूनच आवळते. १९९९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः विमान उडवताना असेच रात्री समुद्रात कोसळले, सोबत बायको आणि मेहुणी, तिघंही गेले. त्यांच्याकडे लायसन्स होतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता फक्त उपकरणं बघून उडवायची परवानगी, नव्हतं. मग लायसन्सच नसलेल्याने कशाच्या भरवशावर उडायचं? अंगाचं न ऐकता समोरच्या उपकरणांच्या पॅनेलवर विश्वास ठेवायची सवय लावावी लागते, इन्स्ट्रक्टर शेजारी बसून, बाहेरचं दिसू नये म्हणून हूड घालायला लावून, हेच घोटून घेतात.