कमांडोच्या आत्मकथनात कारवाई दोनच पानांत का उरकते?

पुण्यात निवृत्त फौजी भरपूर आणि पेठांत प्रकाशकही भरपूर, त्यामुळे पॅरा एसएफ या लष्कराच्या छत्रीधारी कमांडो दलातून बाहेर पडलेल्या जवानाला लिहायचं मनावर घेतलं की वाट तशी सोपी वाटते. मग पुस्तक हातात येतं तर काय, प्रोबेशनवर, म्हणजे निवडीआधीच्या खडतर कसोटीवर, पानंच्या पानं, पाठीवरचं वजन, जागरणं सगळं तपशीलवार. कारवाई मात्र दोन पानांत उरकलेली. लेखकाचा हात आखडला तो कायद्यामुळे.

आपल्याकडे 1965 च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी मेघदूत फोर्स उभी केली आणि त्यातूनच 1966 मध्ये 9 पॅरा (कमांडो) ही पलटण झाली. 1996 मध्ये 21 मराठा लाइट इन्फंट्रीची 21 पॅरा (एसएफ) झाली. पुस्तकांची लाट मात्र ब्रिटनमधून आली. 1991 च्या आखाती युद्धात एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलाची आठ जणांची तुकडी इराकमध्ये उतरली. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक पायी सीरियात पोचला. वाचलेल्यांतल्या दोघांनी लिहिलेली पुस्तकं धो धो खपली, पण हकिकती एकमेकींशी जुळेनात. ब्रिटिश सरकारने 1996 पासून अशा विशेष दलांतल्या सैनिकांकडून गोपनीयतेचा करार लिहून घ्यायला सुरुवात केली आणि 2003 मध्ये प्रिव्ही कौन्सिल या लंडनमधल्या अपील न्यायपीठाने तो बंधनकारक ठरवला. अमेरिकेत लादेनवरच्या कारवाईचं पुस्तक सील या नौदलाच्या कमांडो दलातल्या एका माजी सैनिकाने 2012 मध्ये सरकारी तपासणीविना छापलं. पुढे तडजोडीत त्याला 66 लाख डॉलरहून अधिक सोडावे लागले.

भारतात लष्करी नियमावली 1954 मधला नियम 21 सेवेत असलेल्याला पूर्वपरवानगीशिवाय लष्करी विषयावर लिहू देत नाही. निवृत्तीनंतरही शासकीय गुपिते अधिनियम, 1923 चं कलम 5 पाठ सोडत नाही, कारण त्यात पूर्वी सरकारी पद ‘धारण केलेला’ माणूसही येतो. पुण्याचेच माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांचं आत्मचरित्र 2023 च्या अखेरीस छपाईच्या तोंडावर संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं.

हस्तलिखितातली खरी गफलत नावं बदलण्यात होते. जोडीदाराचं नाव बदललं, पण तारीख आणि गाव तेच ठेवलं, तर शौर्यपदकाच्या मानपत्राशी ताडून कुणीही पाच मिनिटांत माणूस ओळखतो. म्हणून तारीख, गाव आणि पदक यांतलं एकच ठेवावं. वाटाड्या किंवा खबरी तर पूर्ण काढावा. त्याचं घर त्याच गावात असतं आणि पुस्तकाची किंमत तो मोजतो. फोटोत खांद्यावरचं चिन्ह आणि रात्री पाहायची उपकरणं झाकावीत. मोबाइलवरचा फोटो असेल तर त्यातली स्थळनोंद पुसल्याशिवाय तो प्रकाशकाला पाठवू नये. इतकं कापल्यावर कित्येक जण सरळ कादंबरीकडे वळतात, आणि आमच्या मते ते शहाणपणाचंच आहे.

संरक्षण मंत्रालयाच्या जून 2021 च्या धोरणानुसार लढायांची कागदपत्रं साधारण 25 वर्षांनी खुली व्हायची आहेत. त्या हिशेबाने कारगिलची मुदत भरली आहे, तरी कागद आधी तज्ज्ञ तपासतात आणि मगच राष्ट्रीय अभिलेखागारात जातात. तोवर कारवाईपुरता मानपत्रात छापून आलेला मजकूर हीच लेखकाची सुरक्षित हद्द.