माहिती प्रणालींचे प्रतिमानीकरण

संस्थेच्या कारभाराला कोणती माहिती लागते, ती कुठून येते, तिच्यावर कोण काय करतो आणि कोणत्या नियमाला अपवाद चालत नाही, हे संगणकीय प्रणाली बांधण्याआधी ठरावीक चिन्हांत आणि वाक्यांत मांडण्याची पद्धत. व्यवहारात हिला सर्रास ‘मॉडेलिंग’ म्हणतात व फलिताला ‘मॉडेल’. या नोंदीतही तेच शब्द पुढे वापरले आहेत. मॉडेल म्हणजे डेटाबेसचा आराखडा नव्हे. आराखडा आज्ञावलीकाराने वाचायचा असतो. मॉडेल मात्र ज्याचा कारभार मांडला आहे त्या कारकुनाला किंवा भांडारपालाला वाचून ‘हे चूक आहे’ असे म्हणता आले पाहिजे.

मॉडेलिंगचे ढोबळ मानाने तीन प्रवाह पडतात : नोंदींच्या रचनेपासून सुरुवात करणारा, कामाच्या ओघापासून सुरुवात करणारा आणि माणसांच्या हेतूंपासून सुरुवात करणारा. १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या प्रमाणके ठरवणाऱ्या संघटनेने स्वीकारलेल्या यूएमएल चिन्हभाषेने पहिले दोन एका छत्राखाली आणले, पण ते एकजीव झाले असे म्हणता येत नाही.

उगम : सुरुवात कुठून धरायची याबद्दल एकमत नाही. यंग आणि केंट यांनी १९५८ मध्ये डेटा-प्रक्रियेचा प्रश्न यंत्राचे नावही न घेता मांडता येतो हे दाखवले. कोडॅसिल या संगणकभाषांची प्रमाणके ठरवणाऱ्या अमेरिकी मंडळाच्या विकास समितीचे ‘माहिती बीजगणित’ (१९६२) त्याच वाटेवरचे आहे. स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफोर्स यांनी १९६६ च्या सुमारास डेटा आणि माहिती यांची फारकत केली. त्यांच्या सूत्रानुसार माहिती तीन गोष्टींवर ठरते : समोरचा डेटा, वाचणाऱ्याचे पूर्वज्ञान आणि अर्थ लावायला मिळालेला वेळ. अमेरिकी ग्रंथांत लांगेफोर्स यांना जेमतेम तळटीप मिळते. तरी मॉडेलचा प्रश्न तंत्राचा कमी आणि अर्थाचा जास्त आहे हे त्यांनीच पहिल्यांदा नीट मांडले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खरा वाद आहे तो एंटिटी–रिलेशनशिप (जिची नोंद ठेवायची ती गोष्ट आणि तिचे इतरांशी संबंध) म्हणजेच ईआर मॉडेलच्या श्रेयाचा. पाठ्यपुस्तके ते एकट्या पीटर चेन यांना देतात. त्यांचा निबंध मार्च १९७६ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रीय संघटनेच्या डेटाबेसविषयक नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आला. आधीचे रूप सप्टेंबर १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅमच्या परिषदेत सादर झाले होते. पण चौकट आणि बाण यांनी नोंदींची रचना दाखवणाऱ्या चार्ल्स बाकमन यांच्या आकृत्या १९६९ च्या आहेत. झाँ-रेमाँ आब्रियाल यांनी १९७४ मध्ये कॉर्सिकातील कार्जेझ येथे वाचलेल्या निबंधात वस्तू, त्यांच्यातील द्विपदी संबंध आणि त्या संबंधांच्या किमान व कमाल संख्या आल्या होत्या. १९७५ मध्ये ए. पी. जी. ब्राउन यांनी, तसेच श्मिड आणि स्वेन्सन यांनीही याच्याशी मिळतीजुळती मांडणी केली. तेव्हा एंटिटीची कल्पना चेन यांची असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांचे वेगळेपण दोन गोष्टींत दिसते. संबंधाला त्यांनी स्वतःचे चिन्ह (शंकरपाळ्यासारखा चौकोन) दिले आणि स्वतःचे गुणधर्म असण्याची मुभा दिली. शिवाय, एडगर कॉड यांच्या १९७० मधील रिलेशनल (सगळा डेटा तक्त्यांत मांडणाऱ्या) मॉडेलला मानणारे आणि बाकमन यांच्या जाळीदार रचनेला मानणारे तेव्हा हमरीतुमरीवर आले होते. एकाच आकृतीतून दोन्ही रचना काढता येतात, हे चेन यांनी दाखवून दिले.

याच दशकात ब्रुसेल्समध्ये शिर नायसन यांच्याभोवती निराळी परंपरा वाढली. तिच्यात गुणधर्म हा प्रकारच नाही; प्रत्येक गोष्ट एका साध्या वाक्यात सांगता आली पाहिजे, एवढाच नियम. टेरी हाल्पिन यांनी ऑस्ट्रेलियात ती पुढे नेली व ती ओआरएम (ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग) या नावाने ओळखली जाते. आयएसओच्या १९८७ मधील तांत्रिक अहवालातील (क्र. ९००७) ‘शंभर टक्के तत्त्व’ या परंपरेच्या जवळचे आहे : कारभाराचे सगळे नियम मॉडेलमध्येच यावेत, एकही आज्ञावलीत लपता कामा नये.

संख्येच्या खुणा : दोन एंटिटींमधल्या रेषेवर ‘एक’, ‘अनेक’, ‘शून्य किंवा एक’ असे लिहितात. गॉर्डन एव्हरेस्ट यांनी १९७६ मध्ये सुचवलेली तीनपानी खूण (आज तिला कावळ्याचा पाय म्हणतात) याचसाठी आहे. खूण कोणत्या टोकाला काढायची यावर मात्र घराणी पडली आहेत. चेन, कावळ्याचा पाय आणि यूएमएल यांत कमाल संख्या समोरच्या टोकाला वाचतात. आब्रियाल आणि फ्रान्समधील मेरीझ पद्धतीत ज्या एंटिटीविषयी बोलायचे तिच्याच शेजारी. दोन एंटिटींचा संबंध असेल तर खुणांची अदलाबदल केली की काम भागते. तीन एंटिटींच्या संबंधात ते साधत नाही. शेतकऱ्याचे खाते, जमिनीचा गट आणि हंगाम यांचा ‘पेरणी’ हा संबंध घ्या. समोरच्या टोकाला लिहिलेला किमान आकडा फक्त एवढेच सांगतो की या खात्याने या गटात किमान किती हंगामांत पेरले, आणि तो जवळजवळ नेहमी शून्यच येतो. ‘प्रत्येक गटाची एकदा तरी नोंद हवी’ हा नियम तिथे लिहायला जागाच उरत नाही. म्हणून तीनपदी संबंधांसाठी मेरीझची रीत सरस, असे बहुतेक तौलनिक अभ्यास धरतात.

उदाहरण, सातबारा : गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) एकाच कागदावर येतात. नवखा माणूस त्या कागदालाच एंटिटी करून बसतो आणि पुढचे सगळे बिघडते. कागद हा अहवाल आहे. त्याच्यामागे गाव, गट, खाते, व्यक्ती, फेरफार आणि पीकपाहणी अशा निदान सहा गोष्टी आहेत.

कामाची रीत अशी. भरलेले आठ-दहा उतारे घ्यावेत, कोरे नमुने नकोत. त्यांत एक सामाईक खात्याचा, एक हिस्से पडलेला आणि एक ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा असलेला असावा. प्रत्येक रकान्याचे पूर्ण वाक्य करून तलाठ्याला वाचून दाखवावे : ‘या गावातील या गटात या खात्याकडे इतके क्षेत्र आहे.’ वाक्याला मान हलली की त्याच वाक्याच्या दोन-तीन खऱ्या ओळी लिहून विचारावे, ‘असे दोनदा येऊ शकते का?’ उत्तर ‘नाही’ असेल तिथे ओळख ठरते, ‘हो’ असेल तिथे ‘अनेक’ची खूण येते.

गट क्रमांक गावापुरताच एकमेव असतो, म्हणून त्याची ओळख गाव, गट क्रमांक आणि हिस्सा मिळून होते. नावावरून व्यक्ती ओळखता येत नाही. वडिलांच्या नावासकट जुळणारे दोन खातेदार एका गावात सापडतात. खाते आणि व्यक्ती यांचाही संबंध अनेक-अनेक आहे, कारण खाते सामाईक असते आणि एका माणसाचे नाव दोन खात्यांत असते.

क्षेत्र कुठे चिकटवायचे, ही कळीची जागा. समजा गट २.४० हेक्टरचा आहे, १.२० तिघांच्या सामाईक खात्यात आणि १.२० एकाच्या खात्यात. क्षेत्र व्यक्तीला जोडले तर तिघांपुढे प्रत्येकी १.२० येऊन बेरीज ४.८० होते, म्हणजे जमीन कागदावर दुप्पट. क्षेत्र हा खाते–गट संबंधाचा गुणधर्म आहे, चेन यांच्या शंकरपाळ्याचा उपयोग नेमका इथे कळतो. ‘सर्व खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राइतकी’ हा नियम मात्र ईआर आकृतीत काढता येत नाही, तो शेजारी शब्दांत लिहावा लागतो. एककही बघून घ्यावे : हेक्टर, आर आणि चौरस मीटर तीन टप्प्यांत लिहितात (१ हेक्टर = १०० आर, १ आर = १०० चौ. मी.), तेव्हा २.४०.०० हा मजकूर म्हणून न साठवता २४,००० चौ. मी. असा पूर्णांक साठवणे बरे.

फेरफाराच्या बाबतीत वेगळीच चूक होते. फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस होतो; नाव पुसले जात नाही. म्हणजे कागदाला इतिहास आहे. संगणकात नवे नाव जुन्यावर लिहिले तर तो जातो. फेरफाराला स्वतंत्र एंटिटी करून तिला दोन तारखा द्याव्या लागतात : खरेदी किंवा मृत्यू यांसारखी घटना घडल्याची आणि नोंद प्रमाणित झाल्याची. दोहोंत कित्येक वर्षे जाऊ शकतात, आणि ‘त्या दिवशी मालक कोण’ या प्रश्नाला कायद्याने वेगळे व दप्तराने वेगळे उत्तर मिळते. हिस्से पडले की जुना क्रमांक संपतो, म्हणून गटापासून गटाकडे ‘कशातून निघाला’ असाही संबंध हवा. नाहीतर जुनी पीकनोंद पोरकी होते.

कॉड यांनी १९७० मध्येच दाखवलेला जोड-सापळा याच कागदात सापडतो. पीक थेट गटाला जोडले आणि खातेही गटालाच, तर गटात सोयाबीन आहे आणि गटाची चार खाती आहेत एवढे कळते. सोयाबीन कोणाचे ते कळत नाही. पीकविम्याच्या वेळी हेच विचारतात.

कामाचा ओघ : १९७० च्या दशकाअखेरच्या डेटा-प्रवाह आकृत्या (डिमार्को, गेन व सार्सन) आजही महाविद्यालयांत शिकवतात, पण त्यांत क्रम आणि वेळ नसतो. कार्ल आदाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातील जाळ्यांत तो काटेकोर आहे. जर्मनीतील झारब्रुकेनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या घटनासाखळ्यांत (घटना आणि कामे एकापुढे एक जोडणाऱ्या आकृत्यांत) ‘किंवा’च्या सांध्याचा अर्थ बरीच वर्षे लागेना : तीनपैकी किती फाटे सुरू झाले हे सांध्याला स्वतः ठाऊक नसते, मग कितींची वाट पाहायची? कामाचा ओघ दाखवणारी बीपीएमएन ही चिन्हभाषा (२००४, दुसरी आवृत्ती २०११) हा सध्याचा प्रचलित प्रकार. त्यालाही हे कोडे चुकलेले नाही.

हेतूंपासून सुरुवात करणाऱ्या प्रवाहात लँकेस्टर येथील पीटर चेकलंड यांची ‘सॉफ्ट सिस्टिम्स’ पद्धत प्रमुख आहे. संस्थेत एकच प्रणाली नसून माणसांच्या प्रत्येक समूहाच्या डोक्यात वेगळी असते, असे ती धरते. तिच्यातून डेटाबेसपर्यंत नेणारी पक्की वाट मात्र नाही.

संशोधन : आयफिप या आंतरराष्ट्रीय संगणक-महासंघाच्या ८.१ या कार्यगटाने १९८२ पासून विविध पद्धतींची तुलना हाती घेतली. सर्वांना एकच गणित दिले होते : आयफिपचीच परिषद भरवण्याची प्रणाली. तरीही मॉडेले एकमेकांशी ताडून पाहणे जड गेले.

यायर वँड आणि रॉन वेबर यांनी तत्त्वज्ञ मारिओ बुंगे यांच्या सत्ताशास्त्राचा (जगात काय असते याच्या विचाराचा) आधार घेऊन चिन्हभाषांचे दोष चार प्रकारांत बसवले : एका चिन्हाला अनेक अर्थ, एका अर्थाला अनेक चिन्हे, अर्थच नसलेले चिन्ह आणि चिन्हच नसलेला अर्थ. या चौकटीनुसार ऐच्छिक गुणधर्म वर्ज्य ठरतो. ‘असेल तर’ म्हणण्याऐवजी उपप्रकार काढावा. हे मॉडेल समजण्यास सोपे जाते असे काही प्रयोगांत दिसले, पण ते खोलवर समजून घेण्याच्या कामापुरते. वरवर वाचताना ऐच्छिक गुणधर्म अडत नाही. मॉडेल हा वास्तवाचा आरसा आहे, हे चौकटीचे गृहीतक विरोधकांना मान्य नाही. त्यांच्या मते मॉडेल हा संबंधितांमधला करार आहे. सातबाऱ्यासारख्या कागदाला दुसरे मत जास्त लागू पडते, कारण ‘हिस्सा’ शिवारात दिसत नाही, दप्तरातच असतो. डॅनियल मूडी यांनी २००९ मध्ये चिन्हांच्या दृश्य रूपासाठी नऊ तत्त्वे दिली. बहुतेक चिन्हभाषांत सगळेच चौकोन आहेत, रंग आणि आकार वायाच जातात, अशी त्यांची तक्रार आहे.

भारतात या विषयाचे काम अध्यापनापेक्षा उद्योगात अधिक झाले. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व रचना केंद्रात (स्थापना १९८१) मॉडेलवरून थेट आज्ञावली तयार करणारी साधने घडवण्यात आली. ती ‘मास्टरक्राफ्ट’ या नावाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकल्पांत वापरली गेली.